वाचकांचे प्रश्न : घरी बनवलेला कर्नल सांभाळून लिनक्स अपग्रेड कसं करायचं?

या वेळी पत्रांमधे लिनक्स अपग्रेडचेच प्रश्न जास्त आले आणि त्यातले बरेचसे एकाच भीतीचे आहेत, अपग्रेडमधे स्वतः कंपाइल केलेला कर्नल (सिस्टिमचा गाभा) उडेल याची, म्हणून हा पूर्ण अंक त्यालाच दिला. कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत, टर्मिनलमधे त्या नेहमीसारख्या इंग्रजी अक्षरातच टाइप करायच्या.

प्रश्न (हिंगणा एमआयडीसी, नागपूर) : नमस्कार भाऊ. आमचं छोटं वर्कशॉप आहे, एमडीएफ आणि सागवानावर जाळी, देवघराची दारं, नावाच्या पाट्या कापतो. राउटर मशीन लिनक्ससीएनसीवर (कापायचं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) चालते, पॅरलल पोर्टवरून. पीसीत डेबियन 11 आहे आणि कर्नल 5.10 चा, आरटी (रिअल-टाइम, म्हणजे काम ठरल्या वेळेत होण्यासाठीचा) पॅच मारून मी स्वतः कंपाइल केला, नको ते सगळं काढून टाकलं. तेव्हा आठ दिवस डोकं लावलं होतं, त्यानंतर मशीन एकदाही स्टेप (मोटरचं पाऊल) चुकली नाही. आता 11 चा सपोर्ट संपते म्हणून 13 वर जायचा विचार करून राहिलो, पण अपग्रेडमधे माझा कर्नल उडाला तर ऑर्डरी लटकतील. सरळ 11 वरून 13 होते का? आणि कर्नल होल्ड करून (बदलू नये म्हणून अडवून) ठेवला की काम झालं का?

उत्तर : भाऊ, आधी सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर. 11 वरून थेट 13 नाही. 11 वरून 12, तिथे नीट बूट होतं हे बघायचं, मग 13. डेबियन एकावेळी एकच पायरी सपोर्ट करतं आणि मधली पायरी गाळली की पॅकेजांच्या डिपेंडन्सीत असा गुंता होतो की सोडवता सोडवता आठवडा जातो. 11 चा एलटीएस (लांब मुदतीचा) सपोर्ट 31 ऑगस्ट 2026 पर्यंतच आहे त्यामुळे तुमचा निर्णय बरोबर आहे, फक्त तो दोन रविवारांचा कार्यक्रम समजा, एका रात्रीचा नाही.

आता कर्नल. एपीटी (पॅकेजेस टाकणारं-काढणारं डेबियनचं साधन) तुमच्या कर्नलला स्वतःहून हात लावत नाही, कारण तो त्याच्या कोणत्याच रेपॉझिटरीत (पॅकेजांच्या भांडारात) नाही. त्याला माहीत आहे तो डेबियनचा कर्नल, 11 मधे 5.10, 12 मधे 6.1 आणि 13 मधे 6.12, तो नवा येईल आणि तुमच्या शेजारी बसेल. बूट फोल्डरमधली तुमची व्हीएमलिनझ फाइल (कंपाइल झालेला कर्नल) आणि लिब-मॉड्यूल्समधलं तुमच्या नावाचं फोल्डर जिथल्या तिथे राहतं. एकच अट, कंपाइल करताना लोकलव्हर्जनमधे काहीतरी वेगळं शेपूट लावलेलं पाहिजे, म्हणजे यूनेम -आर केल्यावर 5.10 च्या मागे तुमचं स्वतःचं नाव दिसलं पाहिजे. शेपूट नसेल आणि नाव डेबियनच्याच एखाद्या कर्नलसारखं असेल तर मात्र फाइलवर फाइल चढू शकते.

मग लोकांचे कर्नल जातात कसे? माझा स्वतःचा गेला होता ते सांगतो. घरच्या मशीनवर मी चार वर्षं एक कर्नल सांभाळला होता, डेब पॅकेज बनवून टाकलेला. अपग्रेड अगदी सुरळीत झालं, डेबियनच्या कर्नलवर मशीन चालू झालं, सगळं हिरवं. शेवटची पायरी म्हणजे जुनी पॅकेजेस काढणं, त्यासाठी एपीटी पर्ज आणि पुढे टिल्ड-ओ असं देतात, टिल्ड-ओ म्हणजे ऑब्सोलीट, म्हणजे जी आता कोणत्याही रेपॉझिटरीत नाहीत अशी पॅकेजेस. दोनशेच्या वर नावांची यादी आली, रात्रीचे साडेअकरा वाजले होते, वरवर बघितलं आणि वाय दाबलं. आता विचार करा, स्वतः बनवलेलं पॅकेज कोणत्या रेपॉझिटरीत असते? कोणत्याच नाही. एपीटीच्या हिशोबाने तो ऑब्सोलीटच. गेला, आणि त्याच्यासोबत बूटमधली कॉन्फिग फाइलही गेली, कारण ती त्याच पॅकेजचा भाग असते. सोर्सचं फोल्डर मी आधीच जागेसाठी उडवलं होतं. तीन संध्याकाळी बसून पुन्हा सगळं जुळवलं आणि तरी एक सेटिंग काय होती ते आजपर्यंत आठवलं नाही.

म्हणून मी मनापासून सांगतो, तुमचा कर्नल म्हणजे ती व्हीएमलिनझ फाइल नाही, तुमचा कर्नल म्हणजे ती कॉन्फिग फाइल. फाइल पुन्हा अर्ध्या तासात कंपाइल होते, आठ दिवसांची मेहनत त्या कॉन्फिगमधे आहे. आज, आत्ता, हा अंक बाजूला ठेवून बूट फोल्डरमधली ती कॉन्फिग पेनड्राइव्हवर घ्या आणि स्वतःलाच मेल करा. आरटी पॅचची फाइल, मूळ सोर्सचा नेमका व्हर्जन नंबर, तयार डेब फाइल असेल तर ती, प्रोक सीएमडीलाइनमधे काय आहे (बूट होताना कर्नलला दिलेले पर्याय, आयसोलसीपीयूज वगैरे), हे सगळं सोबत. आणि लिनक्ससीएनसीचं कॉन्फिग्ज फोल्डर तर सगळ्यात आधी, आयएनआय आणि एचएएल दोन्ही फाइली, तुमच्या मशीनचे स्टेप स्केल आणि पोर्टचा पत्ता, 0एक्स378 की काय तो, त्यातच आहे. बूटमधे कॉन्फिग नसेल तर प्रोकमधे कॉन्फिग-डॉट-जीझेड आहे का बघा, आयके-कॉन्फिगचा पर्याय चालू ठेवला असेल तर ती तिथे मिळते.

होल्डबद्दल विचारलं. एपीटी-मार्क होल्ड करा, वाईट काही नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. होल्डचा एक खरा फायदा हा की कोणी पर्ज करायला गेलं तर होल्ड केलेली पॅकेजेस बदलणार आहेत अशी वेगळी ओळ एपीटी दाखवतं, ती डोळ्यात भरते. मी हे केलं असतं तर वाचलो असतो. पण मेक इन्स्टॉलने टाकलेला कर्नल असेल तर तो पॅकेजच नाही, त्याला होल्ड कशाला लावणार? डीपीकेजी -एस (हा एस कॅपिटल) देऊन पुढे व्हीएमलिनझचा पूर्ण पाथ द्या, पॅकेजचं नाव आलं तर डेब, नाही आलं तर हाताने टाकलेला. हाताने टाकलेला असेल तर एपीटी त्याला पाहतही नाही, पर्जही करत नाही, एका अर्थाने तो जास्त सुरक्षित.

आता तुमचं वर्कशॉप आहे म्हणून एक आग्रहाचं सांगणं. ज्या मशीनवर पोट चालते तिच्या मूळ डिस्कवर अपग्रेड करूच नका. एक साधी 256 जीबीची एसएसडी घ्या, सीताबर्डीला कोणत्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळते, क्लोनझिलाने जुनी डिस्क तिच्यावर जशीच्या तशी उतरवा, जुनी काढून कपाटात ठेवा आणि अपग्रेड नव्या एसएसडीवर करा. बिघडलं तर चार स्क्रू काढून जुनी डिस्क लावली की दहा मिनिटात मशीन कापायला लागते. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडून बूट करू नका, दोघींचे यूयूआयडी (ओळख क्रमांक) एकच असतात आणि सिस्टिम कोणती उचलेल सांगता येत नाही.

आणि वेळ बघून करा. दसरा-दिवाळीच्या ऑर्डरींच्या आधी नाही, नवतपात तर अजिबात नाही. मेच्या शेवटी पारा 45 च्या वर, कूलर, एसी सगळं एकदम चालू, लाइनचा काही भरवसा नसतो, आणि डीपीकेजी पॅकेजेस उघडत असताना लाइट जाणं म्हणजे अर्धवट सिस्टिम. यूपीएसची बॅटरी आधी तपासा, भार लावून तपासा. एवढं करूनही मधेच बंद पडलंच तर घाबरायचं नाही, डेबियनच्या कर्नलचा रिकव्हरी मोड घ्यायचा आणि डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, नंतर एपीटी -एफ इन्स्टॉल, बहुतेक वेळा गाडी तिथूनच पुढे जाते.

अपग्रेडचा दिवस. पहिलं काम, डेबियनचा स्वतःचा कर्नल मशीनवर आहे का बघा, लिनक्स-इमेज-एएमडी64 हे पॅकेज. बरेच लोक आपला कर्नल जमला की डेबियनचा काढून टाकतात, तसं केलं असेल तर आधी परत टाका, आणि ग्रबच्या (चालू होताना कर्नल निवडायचा मेनू) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून त्याच्यावर बूट होऊन अपग्रेड तिथूनच करा. कारण साधं आहे, तुमच्या कर्नलमधून तुम्ही नको ते काढलेलं आहे आणि नव्या सिस्टिमला त्यातलं काय पाहिजे असेल ते आधी कळत नाही. डेबियनच्या कर्नलमधे सगळं असते. काही बिघडलं तर तो कर्नलचा दोष की अपग्रेडचा हेही लगेच वेगळं करता येते, दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या की शोधत बसावं लागते.

दुसरं, बूट पार्टिशन. डीएफ -एच देऊन बघा. जुन्या इन्स्टॉलमधे बूट वेगळं असेल तर अडीचशे-पाचशे एमबीचं असते, आणि 13 साठी डेबियन स्वतः सांगतं की बूट निदान 768 एमबीचं हवं आणि त्यात साधारण 300 एमबी रिकामे हवे. जागा संपली की नेमकं इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टिम) बनवताना नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस येते आणि डीपीकेजी अडकून बसतं. जुने, न लागणारे डेबियन कर्नल आधी काढा, किंवा नवीन एसएसडीवर क्लोन करतच आहात तर तिथेच पार्टिशन मोठं करून घ्या, एका दगडात दोन पक्षी.

मग सोर्सेस-लिस्टमधे बुल्सआयच्या (11 चं नाव) जागी बुकवर्म (12 चं), आणि फर्मवेअर लागत असेल तर नॉन-फ्री-फर्मवेअर हा शब्द वेगळा जोडायचा, 12 पासून तो वेगळा कप्पा झाला. बाहेरच्या रेपॉझिटरी सगळ्या बंद करा, लिनक्ससीएनसीचीसुद्धा. 12 पासून लिनक्ससीएनसी डेबियनच्याच भांडारात आलं आहे त्यामुळे तिथून घेता येईल. आधी एपीटी अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीज, नंतर एपीटी फुल-अपग्रेड, हा क्रम सोडू नका. मधे मधे विचारेल की अमुक कॉन्फिग फाइल तुमची ठेवू की नवी घेऊ, ग्रबच्या डिफॉल्ट फाइलबद्दल विचारलं तर तुमचीच ठेवा, आयसोलसीपीयूज तिथेच लिहिलेलं आहे.

12 वर पोचलात की रीबूट, डेबियनच्या कर्नलवर, एकदा तपासून घ्या आणि तुमचा कर्नल तिथे बांधत बसू नका. मुक्काम 13 चा आहे. तसाच पुढे बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी (13 चं नाव).

आता ग्रब. नवा 6.12 तुमच्या 5.10 पेक्षा मोठ्या नंबरचा आहे म्हणून तो मेनूत आपोआप वर जातो आणि डिफॉल्ट होतो. हे पाहून पुष्कळांना वाटते की आपला कर्नल गेला, तो खाली ॲडव्हान्स्डमधे बसलेला असतो. ग्रब-डिफॉल्ट सेव्ह्ड करा, टाइमआउट दहा सेकंद ठेवा, अपडेट-ग्रब चालवा, मग ग्रब-सेट-डिफॉल्टने पाहिजे तो निवडता येतो.

तुमचा जुना 5.10 नव्या 13 वर चालेल का? चालायला हरकत नाही, पण तीन ठिकाणी अडू शकतो. एक, इनिटरॅमएफएस आता झेडएसटीडीने दाबलेली असते, कर्नल 5.9 पासून ते उघडू शकतो, पण तुम्ही नको ते काढताना सीओएनएफआयजी_आरडी_झेडएसटीडी काढलं असेल तर स्क्रीनवर अनेबल टू माउंट रूट एफएस येऊन कर्नल पॅनिक होऊ शकतो. कॉन्फिगमधे ग्रेप मारून बघा, नसेल तर इनिटरॅमएफएस-डॉट-कॉन्फमधे कॉम्प्रेस म्हणून जीझिप लिहा. त्या कर्नलची चालू इनिटआरडी (तीच इनिटरॅमएफएसची फाइल) बदलायच्या आधी तिची एक कॉपी मात्र घ्या. दोन, 13 मधला सिस्टिमडी (बूट होताना बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) 257 आहे आणि 256 पासून तो सीग्रुपच्या (प्रोसेसचे गट करण्याची कर्नलची सोय) जुन्या पद्धतीवर बूट व्हायला नकार देतो. कधीकाळी कर्नलच्या ओळीत युनिफाइड-सीग्रुप-हायरार्की शून्य करून ठेवलं असेल तर ते काढा, आणि सीग्रुपच छाटून टाकले असतील तर हा कर्नल 13 वर येणार नाही, नवा बांधावा लागेल. तीन, डीकेएमएसने (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणारं साधन) बनणारे बाहेरचे ड्रायव्हर असतील तर त्यांना तुमच्या कर्नलचे हेडर लागतात, ते ठेवले नसतील तर ते बनणार नाहीत.

पण आता थांबून एक प्रश्न स्वतःला विचारा, तुम्हाला स्वतःचा कर्नल अजून लागतो का? तुम्ही बनवला तेव्हा आरटी हा बाहेरून मारायचा पॅच होता. जवळपास वीस वर्षं तो बाहेरच होता, सप्टेंबर 2024 मधे तो मूळ कर्नलमधे घेतला गेला आणि 6.12 त्याच्यासकट बाहेर पडला. म्हणजे 13 मधला जो कर्नल आहे त्यातच ते आहे, आणि डेबियन लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी64 असा तयार आरटी कर्नल देतं, सिक्युरिटी अपडेटसकट. तुमच्या 5.10 ला हे अपडेट कोण देत होतं? तुम्हीच, आणि खरं सांगा, किती वेळा दिलं?

म्हणून माझा सल्ला हा. 13 वर गेल्यावर आधी डेबियनचा आरटी कर्नल टाका, त्याच्यावर लेटन्सी-टेस्ट (प्रतिसादाला किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी) लावा आणि मशीनला जरा छळा, मोठ्या फाइली कॉपी करा, खिडक्या इकडून तिकडे ओढा, दोन-तीन ग्लक्सगिअर्स (ग्राफिक्सवर भार टाकणारा छोटा प्रोग्राम) चालू ठेवा, निदान अर्धा तास. मॅक्स जिटर (जास्तीत जास्त उशीर) 15 ते 20 मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम. 30 ते 50 मधे असेल तर काम होतं पण स्पीड कमी ठेवावा लागतो, आणि 100 च्या वर गेला तर पॅरलल पोर्टवरून सॉफ्टवेअर स्टेपिंगसाठी तो उपयोगाचा नाही. हाच आकडा आजच, अपग्रेडच्या आधी, तुमच्या जुन्या कर्नलवर काढून मशीनच्या पॅनेलवर खडूने लिहून ठेवा म्हणजे तुलना डोळ्यासमोर राहील. नंतर टाकाऊ एमडीएफवर एक मोठं वर्तुळ पन्नास वेळा हवेत फिरवून एक्कावन्नाव्या वेळी कापा, सुरुवातीचं टोक आणि शेवटचं टोक जुळलं तर स्टेप चुकत नाहीत.

आकडा तुमच्या जुन्याइतका आला तर तयार कर्नलवर राहा. नाही आला तर नवा बांधा, पण तुमच्या 5.10 च्या कॉन्फिगवरून नाही. 5.10 ते 6.12 मधे पर्याय इतके बदलले की मेक ओल्डकॉन्फिग शेकडो प्रश्न विचारेल आणि पन्नासाव्या प्रश्नानंतर माणूस नुसतं एंटर दाबतो. मेक ओल्डडेफकॉन्फिग प्रश्न विचारत नाही पण अटी जुळत नाहीत ते पर्याय गुपचूप गाळतो, आणि प्रीएम्प्ट-आरटीला एक्स्पर्ट हा पर्याय चालू लागतो, तो नसला तर आरटीच निघून जातं आणि तुम्हाला पत्ता नसतो. उलट करा, लिनक्स-सोर्स-6.12 घ्या, डेबियनच्या आरटी कर्नलची कॉन्फिग पाया म्हणून घ्या, तुमच्या जुन्या कॉन्फिगशी स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या डिफकॉन्फिगने तुलना करा आणि तुम्ही जाणूनबुजून केलेले बदल तेवढे एकेक करून आणा. ते दहा-पंधराच निघतील, बाकी सगळं त्या काळच्या डेबियनचं होतं.

बांधताना दोन-चार खड्डे ठरलेले आहेत. डेबियनच्या कॉन्फिगमधे सिस्टिम-ट्रस्टेड-कीजमधे सर्टिफिकेटचा पाथ असला तर ती फाइल तुमच्याकडे नसते आणि मेक नो रूल टू मेक टार्गेट म्हणून थांबतं, तो पाथ रिकामा करा. डीबग इन्फो बंद करा नाहीतर बिल्डच वीस-पंचवीस जीबी खाते. 13 मधे टीएमपी फोल्डर रॅममधे असते, तिथे बिल्ड करू नका. मेक बाइनडेब-पीकेजी केल्यावर तीन-चार डेब फाइली बाहेर पडतात, त्यातल्या इमेज आणि हेडर्स टाका, लिनक्स-लिबसी-डेव्ह टाकू नका, ती डेबियनच्या त्याच नावाच्या पॅकेजवर चढून बसते आणि पुढच्या अपडेटला त्रास देते. आणि शेवटी टिल्ड-ओची यादी काढाल तेव्हा सकाळी काढा, चहा घेऊन, एपीटी लिस्टने आधी नुसती बघा आणि प्रत्येक ओळ वाचा.

प्रश्न (मूळ मानेवाडा, नागपूर, सध्या पुणे) : माझं घरचं सर्व्हर नागपूरला आई-बाबांकडे आहे, डेबियन 12 आणि स्वतः कंपाइल केलेला कर्नल, मी पुण्याहून एसएसएचने (नेटवरून टर्मिनल उघडून) बघते. 13 वर अपग्रेड लांबून करायची हिंमत होत नाही. दिवाळीपर्यंत थांबू का?

उत्तर : ताई, थांबलात तर चांगलंच, पण लांबूनही जमते, फक्त सरळ रीबूट कधी द्यायचा नाही. आधी 12 चे सगळे अपडेट पूर्ण घ्या, ओपन-एसएसएच सर्व्हरचं तर नक्कीच, कारण अपग्रेड मधेच अडकलं तर नवीन कनेक्शन घेणं बंद होण्याचा प्रकार जुन्या व्हर्जनमधे आहे. सगळं काम टीमक्सच्या आत करा, नेट तुटलं तरी अपग्रेड चालू राहील आणि तुम्ही परत जोडून बघू शकाल.

खरी युक्ती रीबूटची आहे. ग्रब-डिफॉल्ट सेव्ह्ड ठेवा, डिफॉल्ट म्हणून डेबियनचा कर्नल ठेवा ज्याच्यावर एकदा यशस्वी बूट झालेलं आहे, आणि कर्नलच्या ओळीत पॅनिक=30 लिहा. तुमचा कर्नल तपासायचा असेल तेव्हा ग्रब-रीबूट वापरा, ही कमांड फक्त पुढच्या एका बूटपुरता तो कर्नल निवडते. तो पॅनिक झाला तर तीस सेकंदांनी मशीन आपोआप रीबूट होईल आणि या वेळी डेबियनच्या कर्नलवर येईल, तुम्ही पुण्यात बसून पाच मिनिटांनी परत लॉगिन व्हाल. पॅनिक न होता नुसतं लटकलं तर मात्र आईंना फोन करावा लागेल, बटण दाबून धरून बंद करा आणि परत चालू करा एवढंच सांगायचं, तेवढ्यानेही डेबियनचाच कर्नल येतो. बूट फोल्डर एलव्हीएम किंवा बीटीआरएफएसवर असेल तर ग्रबला ती एका वेळची नोंद पुसता येत नाही आणि युक्ती फसते, ते आधी बघा.

दुसरी भीती नेटवर्क कार्डच्या नावाची. कर्नल बदलला की ईएनपी-वगैरे नाव क्वचित बदलतं, इंटरफेसेस फाइलमधे जुनं नाव राहिलं तर मशीन चालू असूनही तुम्हाला सापडणार नाही. मॅक ॲड्रेसवरून नाव पक्कं करणारी एक सिस्टिमडीची लिंक फाइल करून ठेवा, आणि करून झाल्यावर 12 वरच एक रीबूट देऊन बघा, बाबा घरी असतील अशा वेळी.

प्रश्न (इतवारी, नागपूर) : दुकानाच्या हिशोबाचा जुना पीसी, 32 बिट डेबियन 12, कर्नल मीच छाटून हलका केला. 13 वर नेऊ?

उत्तर : नका नेऊ. 13 मधे 32 बिट पीसीसाठी डेबियनचा कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही, म्हणजे काही बिघडलं तर मागे यायला आधारच नाही. 12 ला एलटीएस सपोर्ट 30 जून 2028 पर्यंत आहे, तोपर्यंत निवांत चालवा. एकदा एलएससीपीयू देऊन बघा, पुष्कळ जुन्या प्रोसेसरवर 32 आणि 64 दोन्ही लिहिलेलं निघते, तसं असेल तर डेटा काढून 64 बिट नव्याने टाका.

प्रश्न (इंजिनिअरिंग तिसरं वर्ष, नागपूर) : सर, लॅपटॉपवर उबुंटू 22.04 होतं, प्रोजेक्टसाठी कर्नल कंपाइल केला होता. 24.04 वर गेलो तेव्हा फर्मवेअर अपडेट झालं आणि सेक्युअर बूट (सही नसलेला कर्नल चालू न देणारी सोय) परत चालू झालं. आता माझा कर्नल निवडला की बॅड शिम सिग्नेचर येते, उबुंटूचा चालतो पण त्यात माझा ड्रायव्हर नाही. सेक्युअर बूट बंद करून टाकू का?

उत्तर : बंद करून चालेल, पण तू शिकतो आहेस तर नीट मार्ग शिकून घे, एका दुपारचं काम आहे. तुझ्या कर्नलमधे काही बिघडलेलं नाही, त्याच्यावर सही नाही एवढंच. उबुंटूच्या कर्नलवर कॅनॉनिकलची सही असते, शिम (बूटच्या सुरुवातीला सही तपासणारा प्रोग्राम) ती ओळखतो. तुझ्यासाठी तू ओपनएसएसएलने स्वतःची की आणि सर्टिफिकेट बनव, एमओके-यूटिल --इम्पोर्टने ते नोंदव, ते एक पासवर्ड विचारेल तो कागदावर लिही, कारण रीबूट केल्यावर निळ्या स्क्रीनवर एनरोल एमओके निवडून तोच टाकायचा असतो आणि ती स्क्रीन थोडाच वेळ थांबते. मग एसबीसाइनने व्हीएमलिनझवर सही कर. तुझा ड्रायव्हर वेगळं मॉड्यूल असेल तर त्याच्यावरही सही लागेल, सोर्समधली स्क्रिप्ट्स फोल्डरातली साइन-फाइल ते काम करते. कर्नल पुन्हा बांधलास की सही पुन्हा, म्हणून दोन ओळींची स्क्रिप्ट करून ठेव.

आणि प्रायव्हेट की लॅपटॉपवर उघडी ठेवू नको, होस्टेलच्या रूममधे तर नाहीच. त्या कीने सही केलेलं काहीही तुझं मशीन डोळे झाकून चालवेल. रूट सोडून कोणाला वाचता येणार नाही अशी परवानगी लाव, आणि पेनड्राइव्हवर कॉपी ठेवायची तर पासफ्रेज लावूनच ठेव.